पाटा किती वाकेल, किती टिकेल

भट्टीतून लालबुंद पाटा काढायचा आणि तेलात बुडवायचा. तो कडक होतो, पण काचेसारखा ठिसूळही होतो. म्हणून त्याचे पाणी थोडे उतरवायला पुन्हा मंद धग द्यायची. ही धग किती, यावर पाट्याचे सगळे आयुष्य अवलंबून. एकोणिसाव्या शतकात बग्ग्यांच्या स्प्रिंगा घडवणाऱ्या पाश्चात्त्य लोहाराजवळ तापमान मोजायचे साधन नव्हते. तो हातोड्याचा लाकडी दांडा तापत्या पाट्यावर घासून बघे. लाकडाच्या कणांतून ठिणग्या उडू लागल्या की पाटा धगीवरून बाहेर. दुसरे काही कारागीर पाट्याला तेल चोपडत आणि ते पेट घेईपर्यंत तापवत. यात अंदाजपंचे काही नव्हते. लाकूड काय, तेल काय, ठरावीक उष्णतेच्या आसपासच पेट घेते. लोहाराने त्यांनाच आपला तापमापक केले होते.

पहिल्या मोटारींच्या वाट्याला याच लोहारांच्या स्प्रिंगा आल्या. लंडनच्या ओबादाया इलियटने १८०४ मध्ये लंबवर्तुळाकार स्प्रिंगेचे पेटंट घेतले होते. एकमेकींकडे तोंड करून ठेवलेल्या, टोकांना जोडलेल्या दोन कमानी, अशी ती रचना. कार्ल बेंझने १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या तीनचाकी मोटारीच्या मागच्या चाकांवर तीच होती. पुढच्या एकट्या चाकाला स्प्रिंगच नव्हती. नंतरच्या मोटारींनी बहुतेक वेळा खालची अर्धी कमान तेवढी ठेवली. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये तिला ‘कमान’ म्हणतात, तिच्यातल्या पट्ट्यांना ‘पाटे’. सगळ्यात लांब, टोकांना डोळे असलेला तो ‘मेन पाटा’. मधोमध सेंटर बोल्ट, त्याच्या दोन्ही बाजूंना यू-बोल्ट, एका टोकाला पिन आणि दुसऱ्या टोकाला झुलणारी शॅकल. शंभर वर्षांत या यादीत फार बदल झालेला नाही.

बदल झाला तो प्रश्नांत. मोटारीच्या स्प्रिंगेला तीन प्रश्न विचारता येतात. भार पडला की ती किती वाकेल? किती वेळा वाकल्यावर तुटेल? आणि वर बसलेल्या माणसाला काय जाणवेल? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे याच क्रमाने मिळाली, आणि त्यांच्यामध्ये पिढ्या गेल्या. सुरुवातीच्या मोटारींच्या कित्येक दुखण्यांचे मूळ एकच होते. पहिल्याचे उत्तर हाती आले की बाकीची दोन आपोआप सुटतील, असे धरून चालणे.

पहिला प्रश्न तसा जुनाच. रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये आपला नियम अक्षरांची उलथापालथ करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला: जेवढा ताण वाढतो, तेवढे बळ वाढते. पण हा नियम एका तारेला किंवा एका पट्टीला लावणे सोपे. सात-आठ पाट्यांच्या थप्पीचे काय? ते उत्तर रेल्वेमुळे मिळाले. एदुआर फिलिप्स या फ्रेंच अभियंत्याने १८५२ मध्ये रेल्वेच्या पोलादी स्प्रिंगांवर एक सविस्तर प्रबंध लिहिला आणि पाट्यांच्या कमानीला पहिल्यांदा पक्के गणित दिले. याच फिलिप्सने पुढे घड्याळाच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगेच्या टोकाचा वक्र कसा असावा, हेही १८६१ मध्ये गणिताने दाखवले. घड्याळजी आजही त्या वक्राला त्याचेच नाव देतात. आगगाडीचा डबा पेलणारी कमान आणि खिशातल्या घड्याळाचा श्वास चालवणारी वेटोळी, दोन्हींचे गणित एकाच माणसाच्या हातचे.

कमानीमागची कल्पना समजायला एक भलेमोठे शंकरपाळे डोळ्यांसमोर आणावे. पोलादाचा पत्रा त्या आकाराचा, दोन टोकांवर टेकवलेला, मध्यावर वजन. वाकवणारा जोर मध्यावर सर्वांत जास्त आणि टोकांशी शून्य. पत्र्याची रुंदीही मध्यावर सर्वांत जास्त आणि टोकांशी शून्य. त्यामुळे पत्र्याच्या कुठल्याही भागावर सारखाच ताण येतो, एक कणही फुकट जात नाही. पण एवढा रुंद पत्रा गाडीखाली मावणार कसा? म्हणून त्याच्या लांबीच्या दिशेने पट्ट्या कापायच्या. मधली पट्टी पुऱ्या लांबीची, बाजूच्या उतरत्या लांबीच्या. बाजूच्या दोन-दोन अर्ध्या पट्ट्या जोडून एक पाटा, आणि सगळे एकाखाली एक रचायचे. झाली कमान.

आकडे घालून पाहू. समजा एका चाकावर ३५० किलो भार आहे. कमानीची लांबी १०० सेंटिमीटर, पाटे सात, प्रत्येक ५ सेंटिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड. अर्धी कमान म्हणजे ५० सेंटिमीटरची भुजा, तिच्या टोकाशी १७५ किलो. ताण काढायचा तर भार, भुजा आणि सहा यांचा गुणाकार करायचा. त्याला पाट्यांची संख्या, रुंदी आणि जाडीचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागायचे. उत्तर येते दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४,१७० किलो. वाकण्याच्या सूत्रात भुजेचा घन वर जातो, जाडीचा घन खाली येतो आणि पोलादाचा स्थितिस्थापकतेचा अंक, म्हणजे सुमारे २१ लाख, भागायला येतो. कमान ८.३ सेंटिमीटर बसते. चांगले पाणी दिलेल्या स्प्रिंगेच्या पोलादाची कायमचे न वाकण्याची मर्यादा ११-१२ हजारांच्या घरात असते. खड्ड्यात चाक आणखी ८ सेंटिमीटर वर आले तर ताण जवळजवळ दुप्पट होऊन ८,२०० च्या आसपास जातो, तरी कमान तग धरते. कागदावर सगळे ठीक.

आता जाडीच्या घनाचा खेळ बघा. पाटा ६ ऐवजी साडेसहा मिलिमीटर घेतला, नुसता अर्ध्या मिलिमीटरचा फरक, तर कमान २७ टक्क्यांनी कडक होते. आठ मिलिमीटर घेतला तर जवळजवळ अडीच पट. पट्टी गिरणीत लाटताना जाडीत होणारी थोडीशी कमी-जास्त गाडीच्या बसण्यात का दिसते, ते यावरून कळते. आणि इथेच गॅरेजमधला एक जुना समज उघडा पडतो. कमान वारंवार तुटते, मग ‘एक जाड पाटा वाढवा’. सहा मिलिमीटरच्या पाट्यांच्या सोबतीला आठ मिलिमीटरचा पाटा घातला, तर सगळ्यांना सारखेच वाकावे लागते. पण सारख्या वाकण्यात जाड पाट्याच्या पृष्ठभागावरचा ताण त्याच्या जाडीच्या प्रमाणात, म्हणजे एक-तृतीयांशाने जास्त असतो. मदतीला आणलेला गडीच आधी जायबंदी होतो. कमानीला बळ हवे असेल तर त्याच जाडीचे पाटे वाढवावेत किंवा रुंदी वाढवावी. फिलिप्सच्या गणितात हे स्पष्ट होते, तरी ते गॅरेजपर्यंत पोचायला फार उशीर झाला, आणि काही ठिकाणी अजून पोचलेले नाही.

फिलिप्सच्या गणितात एक गृहीतक मात्र दडलेले होते: सगळे पाटे पूर्ण लांबीभर एकमेकांना चिकटून, एकाच गोलाईत वाकतात. मोटारी आल्या, कमानी लांब आणि मऊ झाल्या, आणि हिशेब प्रत्यक्षाशी जुळेना. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या शेल्डन ॲक्सल कंपनीसाठी डेव्हिड लँडाऊ आणि आशर गोल्डन यांनी १९१४ मध्ये पाट्यांच्या स्प्रिंगांवर एक पुस्तक सिद्ध केले. मोटार कारखान्याने स्प्रिंग मागवताना कोणती मापे लिहून द्यावीत, इतक्या व्यवहाराच्या गोष्टीपासून त्याची सुरुवात होती. त्यानंतर १९१८ मध्ये लँडाऊ आणि पर्सी पार यांनी फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात पाट्यांच्या स्प्रिंगेचा नवा सिद्धांत मांडला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: पाटे लांबीभर चिकटत नाहीत. आखूड पाटा वरच्या पाट्याला टेकतो तो फक्त आपल्या टोकाशी. भार एका पाट्यावरून दुसऱ्यावर उतरतो तो याच टोकांतून. हे मानले की प्रत्येक पाट्याचा ताण वेगळा निघतो आणि तो त्याच्या लांबीभर बदलत जातो. कमानीतला एखादाच पाटा, तोही ठरावीक जागीच, वारंवार का तुटतो, हे मग समजू लागते.

गणित कितीही सुधारले तरी कारखान्याला खात्री दाबयंत्रावरच मिळे. कमान उलटी ठेवायची; तिची दोन्ही टोके छोट्या चाकांच्या ट्रॉल्यांवर, कारण दबताना कमान सरळ होत जाते आणि टोके बाहेर सरकतात. टोके अडवून धरली तर आकडा खोटा येतो. मध्यावर टप्प्याटप्प्याने भार वाढवायचा, दर टप्प्याला उंची लिहायची, मग तसाच टप्प्याटप्प्याने भार काढायचा. आलेखावर दोन रेषा उमटतात आणि त्या एकमेकींवर बसत नाहीत. भार चढताना पाट्यांमधले घर्षण वाकायला विरोध करते, उतरताना तेच घर्षण सरळ व्हायला विरोध करते. दोन रेषांमधल्या बारीक पानासारख्या जागेत घर्षणाने खाल्लेली ऊर्जा असते. कमानीचा खरा कडकपणा मधल्या रेषेवरून काढायचा.

हे पान किती रुंद, यावर प्रवाशाचे सुख बरेच अवलंबून होते. कोरड्या, गंजलेल्या कमानीत घर्षण इतके वाढते की लहानशा खडबडीला पाटे हलतच नाहीत. तेवढ्यापुरती गाडी स्प्रिंगेविना, फक्त टायरवर चालते आणि बारीक थरथर सरळ हाडांत शिरते. म्हणून पाट्यांमध्ये ग्रीस आणि ग्राफाइट भरत, वर चामड्याच्या पिशव्या शिवून चढवत. उलट घर्षण फारच कमी झाले तर मोठ्या खड्ड्यानंतर गाडी डोलतच राहते. त्यासाठी फ्रान्समधल्या त्र्युफोच्या कल्पनेवरून एडवर्ड हार्टफर्डने अमेरिकेत एकमेकांवर घासणाऱ्या चकत्यांचा शॉक ॲब्सॉर्बर विकायला सुरुवात केली. धक्का झेलायचे काम स्प्रिंगेचे आणि डोलणे थांबवायचे काम दुसऱ्याचे, ही वाटणी तेव्हापासून रुजली.

कारखान्यातली दुसरी चाचणी जास्त निष्ठुर. नवी कमान रस्त्यावर कधी पडेल त्याहून जास्त भाराने, जवळजवळ सपाट होईपर्यंत, पाठोपाठ काही वेळा दाबायची. पहिल्या दाबाला ती थोडी बसते, म्हणजे तिची गोलाई किंचित कमी होते. दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला ती आणखी बसता कामा नये. बसली तर पाणी नीट दिलेले नाही, कमान परत भट्टीकडे. या दाबण्याचा एक फायदा सुरुवातीला कुणाच्या ध्यानात नव्हता. पृष्ठभागाचा थर मर्यादेबाहेर ताणला गेला की भार काढल्यावर तोच थर आतल्या पोलादाच्या दाबाखाली राहतो, आणि तो दाब रस्त्यावरच्या ताणातून वजा होतो. चाचणी म्हणून जे केले, तेच औषध ठरले.

पाणी बरोबर बसले का, हे पाहण्यासाठी लोहाराचा लाकडी दांडा हळूहळू मागे पडला. स्वीडनच्या योहान ऑगस्ट ब्रिनेलने १९०० मध्ये कठीणपणा मोजायची साधी रीत जगापुढे ठेवली: १० मिलिमीटर व्यासाची कठीण गोळी ३,००० किलोच्या दाबाने पोलादावर टेकवायची आणि उमटलेला खळगा भिंगाखाली मोजायचा. खळगा ३ मिलिमीटरचा आला तर ब्रिनेलचा अंक ४१५, म्हणजे पाट्याला साजेसा. ३.३ मिलिमीटर आला तर ३४१. तो पाटा मऊ, लवकर बसणार. २.८ आला तर ४७७, आणि मग तुटायची भीती. तीन दशांश मिलिमीटरच्या आत-बाहेर चांगला पाटा आणि वाईट पाटा वेगळे होतात. लोहाराच्या डोळ्याला हा फरक दिसत नव्हता असे नाही, पण तो त्याला कागदावर लिहून पुढच्या पाळीच्या कामगाराला देता येत नव्हता. ब्रिनेलच्या खळग्याने ते साधले.

पोलादही बदलले. सुरुवातीच्या पाट्यांत साधे, जास्त कार्बनचे पोलाद असे. हेन्री फोर्डने स्वतः सांगितलेली हकिकत प्रसिद्ध आहे: १९०५ मध्ये फ्लोरिडात पाम बीचच्या शर्यतीत एका फ्रेंच गाडीचा चुराडा झाला, तिचा एक हलका पण चिवट तुकडा त्याने उचलला आणि तपासणीत त्यात व्हॅनेडियम निघाले. साध्या अमेरिकन पोलादाची ताणशक्ती दर चौरस इंचाला ६० ते ७० हजार पौंड, तर व्हॅनेडियमच्या पोलादाची १ लाख ७० हजारांपर्यंत, असा त्याचा हिशेब. १९०८ च्या मॉडेल टीमध्ये हे पोलाद मोकळ्या हाताने वापरले गेले. त्या गाडीत पुढे एक आणि मागे एक, अशा दोनच कमानी होत्या, त्याही आडव्या, चाकांच्या आसाला समांतर. चारऐवजी दोनच कमानी असल्याने वजन वाचले आणि वेडावाकडा रस्ता आला तरी चौकटीला पीळ पडेना. गाडी दीड कोटींहून अधिक विकली गेली, त्यात या दोन कमानींचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडचा एक दाखला याच वर्षीचा. १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी झाली आणि ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाच्या रोल्स-रॉइसने ती गाजवली. पुढे ती गाडी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली. अशा चाचण्यांत इंजिनाचे कौतुक होई, वर्तमानपत्रांत न थांबता पार केलेल्या घाटांची वर्णने येत. पण त्या काळच्या घाटरस्त्यांवरची खडी, दगड आणि उतार यांची खरी झळ कमानींनाच लागत होती. इंग्लंडमध्ये, फ्रान्समध्ये आणि इथेही त्या काळी रस्ता हीच टिकाऊपणाची प्रयोगशाळा होती. तिच्यात एक अडचण होती. कमान तुटली हे कळे, का तुटली ते कळत नसे.

का तुटते याची किल्ली रेल्वेकडे आधीच होती. जर्मनीत ऑगस्ट व्होलरने १८५० च्या दशकापासून १८७० पर्यंत आगगाडीच्या आसांवर प्रयोग केले आणि दाखवून दिले की, एका झटक्याला सहज पेलणारे पोलाद त्याहून कितीतरी कमी ताण लाखो वेळा आला तर तुटते. पण ताण एका पातळीच्या खाली ठेवला तर ते जवळजवळ कायम टिकते. पोलाद थकते, ही कल्पना तिथून आली. मोटारीच्या कमानीसाठी ती फार मोलाची, कारण खड्ड्यांच्या रस्त्यावर कमान दर मिनिटाला कितीतरी वेळा वर-खाली होते. मग कमानी थकवण्याची यंत्रे आली. कमान पक्की बांधायची, तिच्या मध्याला फिरत्या चाकाच्या आडव्या खिळ्याशी जोडायचे आणि ठरावीक अंतर वर-खाली हलवत राहायचे. मोजणारा काटा फिरत राहतो. कुठला तरी पाटा तडकतो, तेव्हा आकडा लिहायचा.

या चाचण्यांतून काही गोष्टी डोळ्यांसमोर आल्या. पहिली म्हणजे सेंटर बोल्टचे छिद्र: वाकवणारा जोर जिथे सर्वांत जास्त, नेमके तिथेच भोक. पाटा त्या छिद्रातूनच तडकतो. म्हणून काही कारखान्यांनी छिद्राऐवजी पाट्याला मध्यावर उंचवटा काढून एकाला दुसऱ्याच्या खळग्यात बसवले. दुसरी गोष्ट मेन पाट्याची. चाक खड्ड्यात जाऊन वर उसळते, तेव्हा आखूड पाटे मेन पाट्याला खालून आधार देतात. पण गाडीचे अंग वर उडून चाक खाली लोंबकळते, तेव्हा मेन पाटा उलट्या दिशेने वाकतो आणि खालचे पाटे त्याच्यापासून सुटतात. सगळा जोर त्या एकट्यावर येतो. पाट्यांभोवती कडी आवळून उलट्या दिशेलाही त्यांना एकत्र बांधले, तेव्हा मेन पाट्यांचे तुटणे कमी झाले. ट्रकच्या कमानीवर ज्या कड्या दिसतात, त्या शोभेच्या नाहीत.

तिसरी गोष्ट सर्वांत अनपेक्षित. इंग्लंडमधल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत १९३० च्या आसपास स्प्रिंगांच्या पोलादावर नेटाने संशोधन झाले. बॅटसन आणि ब्रॅडली यांनी १९३१ मध्ये पाट्यांच्या पोलादाचे निष्कर्ष मांडले. हँकिन्सने त्याच सुमारास पृष्ठभागाचा परिणाम तपासला. तेच पोलाद घासून चकचकीत केले तर उत्तम टिके. पण लाटून, भट्टीत तापवून, काळी साल तशीच ठेवली तर थकव्याशी झुंजायची त्याची ताकद निम्म्याहूनही खाली येई. कारण भट्टीत पृष्ठभागातला कार्बन जळून जातो, वरचा पातळ थर मऊ पडतो आणि तडा तिथेच सुरू होतो. वाकताना सर्वांत जास्त ताण पृष्ठभागावर येतो आणि पोलाद सर्वांत अशक्त असते तेही पृष्ठभागावरच. महागड्या मिश्र पोलादाचा फायदा ही एक साल खाऊन टाकत होती. नंतर जनरल मोटर्समध्ये जॉन आल्मेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग ठोकून घट्ट करायची रीत शास्त्रशुद्ध केली. दाबयंत्रात नकळत मिळत होता तोच फायदा आता मुद्दाम मिळवता येऊ लागला.

पाट्यांच्या जोडीने वेटोळ्याच्या स्प्रिंगाही होत्याच. अमेरिकेची ब्रश रनअबाउट १९०७ पासून चारही चाकांवर त्या वापरत होती. इटलीच्या लान्चिया लाम्ब्दाने १९२२ मध्ये पुढच्या चाकांना स्वतंत्रपणे वर-खाली करणारी रचना त्यांवरच केली. त्यांच्या गणितात तारेच्या जाडीचा चौथा घात येतो: तार दहा टक्के जाड, तर स्प्रिंग ४६ टक्के कडक. ताणाचे जुने सूत्र सरळ दांड्याला पीळ दिल्यासारखे मानून केलेले होते. वेस्टिंगहाउसच्या ए. एम. वालने १९२९ मध्ये दाखवले की वेटोळ्याच्या आतल्या अंगाला ताण त्याहून बराच जास्त असतो. वेटोळ्याचा व्यास तारेच्या पाचपट असेल तर सुमारे ३१ टक्के जास्त. स्प्रिंगा आतल्या बाजूने का तडकतात, हे कोडे त्या एका गुणकाने सुटले.

आणि तिसरा प्रश्न? बसलेल्या माणसाला काय जाणवेल? हा प्रश्न सर्वांत आधी मनावर घेतला तो बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने. माणसाचे शरीर आयुष्यभर चालण्याच्या लयीला सरावलेले असते. मग गाडीचे डोलणेही त्याच लयीच्या आसपास असावे, असा त्याचा विचार होता. ही लय साधायला स्प्रिंगेचा कडकपणा वेगळा मोजावा लागत नाही, स्थिर भाराखाली ती किती बसते एवढे कळले तरी पुरते. सेंटिमीटरमधल्या त्या आकड्याचे वर्गमूळ काढायचे आणि ३०० ला त्याने भागायचे. मिनिटाला किती हेलकावे ते निघते. आपली ८.३ सेंटिमीटर बसणारी कमान १०४ हेलकावे देते. चारच सेंटिमीटर बसणारी दीडशे, म्हणजे अंग हादरवणारी. नव्वदाची लय हवी तर ११ सेंटिमीटर बसायला हवे. त्या काळच्या बहुतेक गाड्यांच्या पुढच्या कमानी यापेक्षा कितीतरी कडक होत्या, आणि त्यामागे सबळ कारण होते.

ते कारण आणि त्यावरचा उपाय मॉरिस ऑलीच्या कामातून पुढे आला. रोल्स-रॉइसमध्ये घडलेला हा इंग्रज अभियंता १९३० मध्ये अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला. १९३२ मध्ये त्याने एका मोठ्या लिमोझिनवर पुढे-मागे हलवता येतील अशी वजने बसवली आणि स्प्रिंगांचा कडकपणाही बदलता येईल अशी सोय केली. वजनाची वाटणी बदलायची, स्प्रिंगा बदलायच्या आणि बसून बघायचे. शरीर हीच मोजपट्टी. निष्कर्ष तेव्हाच्या प्रथेच्या अगदी उलट निघाला. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात. उंचवटा आधी पुढच्या चाकाला भेटतो, क्षणभराने मागच्याला. मागचा भाग किंचित जलद डोलत असेल तर तो उशिरा निघूनही पुढच्याला गाठतो आणि गाडी खाली-वर सपाट होते. झोपाळ्यासारखी पुढे-मागे कलत नाही. प्रवाशाला त्रास देते ते हे कलणेच.

पण पुढच्या कमानी मऊ केल्या की सरळ आसाच्या गाडीत दुसरेच दुखणे सुरू होई. १९२० च्या दशकात पुढच्या चाकांना ब्रेक आले होते. ब्रेक लावताना मऊ कमान पिळवटून जाई, आस आपल्या भोवती फिरू बघे आणि चाके थरथर कापू लागत. या कापण्याचे गणित फ्रान्समध्ये जॉर्ज ब्रुलियेने १९२५ मध्ये मांडले होते. फिरते चाक भोवऱ्यासारखे वागते. आस एका बाजूला कलला की चाक वळू पाहते, वळले की आस पुन्हा कलतो. म्हणजे पुढच्या कमानी कडक ठेवण्यात जुन्या कारागिरांचा आळस नव्हता. त्या आसाला सांभाळत होत्या. आसच काढून टाकला आणि प्रत्येक चाक स्वतंत्र केले, तेव्हाच स्प्रिंग मऊ करणे शक्य झाले. १९३४ च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत ते बाजारात आले आणि ऑलीने त्याच वर्षी त्याची कारणमीमांसा अभियंत्यांसमोर वाचली. त्याच साली फ्रान्सच्या सित्रोएनने पीळ घेणाऱ्या दांड्यांवर आपली ट्रॅक्शन आव्हां उभी केली. सुखाची मोजणीही तोवर प्रयोगशाळेत गेली होती. १९३१ मध्ये जर्मनीत रायहर आणि माइस्टर यांनी माणसांना थरथरत्या फळीवर उभे करून, झोपवून, कोणते कंपन कितपत सोसवते याच्या पट्ट्या आखल्या होत्याच.

जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणाऱ्यांसाठी या सगळ्या इतिहासाचा अर्थ फार ठोस आहे. १९२० च्या दशकातल्या गाडीची कमान तुटली तर बाजारात मिळते ती आजच्या ठरावीक जाडीची पट्टी. तिच्यातून तशीच दिसणारी कमान करून घेता येते, पण जाडीच्या घनामुळे गाडी बैलगाडीसारखी आदळू लागते. म्हणून आधी प्रत्येक चाकाखालचे वजन वेगवेगळे घ्यावे, पाटे सुटे करून प्रत्येकाची जाडी मध्यावर आणि टोकाशी मोजावी, शाबूत असेल ती जुनी कमान दाबयंत्रावर चढवून दोन्ही रेषा काढाव्यात, आणि मगच भट्टीवाल्याला मापे द्यावीत. खूण म्हणून प्रत्येक पाट्यावर पंचने अंक मारावा. क्रम चुकला तर कमान वेगळीच होते.

पाटे सुटे करताना एक गोष्ट सावकाश पाहण्यासारखी असते. पन्नास-साठ वर्षे आवळलेला सेंटर बोल्ट निघतो, पाटे हातात येतात. मधला भाग गंजाने तपकिरी, खरबरीत, कित्येक वर्षे कुठे टेकल्याची खूण नाही. आणि प्रत्येक पाट्याच्या खालच्या अंगाला, खालच्या आखूड पाट्याचे टोक जिथे येत होते तिथे, नखाएवढी लखलखीत चंद्रकोर. लँडाऊ आणि पार यांनी १९१८ मध्ये कागदावर मांडले ते इथे पोलादावर घासून लिहिलेले असते. त्या चंद्रकोरीवर बोट फिरवले तर कधी कधी एक बारीक कड लागते. तडा तिथूनच निघालेला असतो.